पडद्यावरचे ठिपके, पुलावरची माणसे

29 सप्टेंबर 2017 हा दसऱ्याच्या आदला दिवस. मुंबईत सकाळी पावसाची जोरदार सर आली आणि परळ व एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांना जोडणाऱ्या जुन्या, अरुंद पादचारी पुलावर माणसे अडकली. भिजायला नको म्हणून उतरणारे जिन्यावरच थांबले. दोन्ही बाजूंच्या लोकल येतच राहिल्या आणि प्रत्येक लोकलमागे नवी माणसे पुलावर चढत राहिली. साडेदहाच्या सुमारास झालेल्या चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला. तेथे नवा रुंद पूल बांधायला मंजुरी आधीच मिळालेली होती, काम मात्र उभे राहिले नव्हते. नंतर लष्कराला पाचारण करण्यात आले आणि 27 फेब्रुवारी 2018 रोजी लष्कराने बांधलेला पूल खुला झाला.

या दुर्घटनेचा विषय निघाला की एका घरातल्या मामा-भाचीचा वाद ठरलेला. मामा स्टेशन अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. उमेदीची सगळी वर्षे फलाटावर गेलेली. भाची स्थापत्य अभियंता. विमानतळ, मेट्रो स्थानके, बस टर्मिनस यांतून प्रवासी कसे वाहतील, कुठे तुंबतील, हे संगणकावर आधीच उभे करून पाहणे हे तिचे रोजचे काम. ती म्हणते, हे मृत्यू कितीतरी वर्षे आधी पडद्यावर दिसले असते. मामा म्हणतात, त्यासाठी पडदा कशाला हवा होता?

"मामा, त्या जिन्याचे गणित सातवीतला मुलगा करील," भाची सुरुवात करते. "अगदी दाटीवाटीत, पण न थांबता माणसे चालली तर जिन्याच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला पन्नास-साठ जण जातात. जॉन फ्रुइन यांनी न्यूयॉर्कमध्ये माणसे मोजून 1971 सालच्या पुस्तकात असे आकडे दिले आहेत. आता दोन मीटरचा एक जिना धरा. मिनिटाला एकशे दहा माणसे. एका लोकलमधून हजार उतरली असे समजा. सगळ्यांना वर जायला नऊ मिनिटे लागणार. आणि गर्दीच्या वेळी पुढची लोकल किती मिनिटांत?"

"तीन-चार."

"मग? पहिली रांग अर्धीही संपलेली नसते, तोवर दुसरी तिच्या मागे लागते. ही रांग अकरा वाजेपर्यंत मोडतच नाही. त्यात पाऊस आला, वरचे थांबले, की संपले."

"अगं, पण यातले मला नवे काय सांगितलेस?" मामा विचारतात. "जलद आणि धिमी एकदम लागली की जिन्याचे काय होते, ते फलाटावरच्या पोलिसाला ठाऊक असते, हमालाला असते, बूटपॉलिशवाल्यालाही असते. कोणत्या डब्यातून उतरले की जिना समोर येतो हे रोजचा प्रवासी झोपेतही सांगेल. त्या डब्यांत इतकी माणसे का कोंबलेली असतात? सगळ्यांना पहिल्यांदा जिना गाठायचा असतो म्हणून. हे ज्ञान होतेच. ऐकणारा कोणी नव्हता."

भाची हे नाकारत नाही. तिचे म्हणणे वेगळे आहे. ऐकणाऱ्याला आकडा लागतो, आणि जिना अरुंद आहे एवढ्या तक्रारीत आकडा नसतो. चार मीटर पुरतील की सहा लागतील? जिना एकच रुंद करायचा की फलाटाच्या दोन टोकांना दोन काढायचे? आणि सर्वांत महत्त्वाचे, जिना रुंद केल्यावर गर्दी कुठे जाऊन अडेल? वरचा अडसर काढला की तेवढीच माणसे दुप्पट वेगाने खाली पोचतात आणि तिकीट खिडकीपाशी, फेरीवाल्यांच्या रांगेपाशी किंवा रिक्षा थांब्यापाशी नवी कोंडी तयार होते. अनुभव आजची कोंडी अचूक सांगतो. पूल बांधल्यानंतरची, अजून न घडलेली कोंडी शोधायला दुसरे साधन लागते.

हे साधन चालते कसे? पडद्यावर स्थानकाचा नकाशा असतो आणि प्रत्येक प्रवासी म्हणजे एक ठिपका. त्याला निघण्याची जागा, पोचण्याची जागा आणि स्वतःचा वेग दिलेला असतो. डिर्क हेलबिंग आणि पीटर मोल्नार या दोन संशोधकांनी 1995 मध्ये एक साधी कल्पना मांडली: चालणारा माणूस जणू बलांखाली हलतो. मुक्काम त्याला ओढतो; भिंत आणि परकी माणसे त्याला दूर ढकलतात. एवढे नियम घालून त्यांनी ठिपके सोडले, तेव्हा समोरासमोर येणाऱ्या गर्दीने आपोआप ओळी धरल्या, जाणाऱ्यांची एक आणि येणाऱ्यांची एक. तसे करायला कोणी सांगितले नव्हते. पुढे 2000 मध्ये हेलबिंग यांनी दोन सहकाऱ्यांसह 'नेचर' या नियतकालिकात दाखवले की अरुंद दारापाशी प्रत्येक जण जितकी घाई करील, तितका सगळ्यांना बाहेर पडायला उशीर होतो. ढकलाढकलीत माणसे एकमेकांना घट्ट भिडतात, दारासमोर कमान धरतात आणि प्रवाह तुटक होतो.

"कोठीच्या तोंडाशी धान्य असेच अडते," मामा म्हणतात. "पण दाणा दाण्याला ओळखत नाही, माणूस ओळखतो. मुलाचा हात सुटला तर आई उलटी फिरते, सगळ्या गर्दीच्या विरुद्ध. म्हाताऱ्या वडलांना धरून चाललेला मुलगा स्वतःच्या वेगाने चालतच नाही. गावाहून आलेले कुटुंब जिन्याच्या तोंडाशी थांबून सगळे आले का ते मोजते. तुझ्या ठिपक्याला आई आहे का?"

प्रश्न रोखठोक आहे आणि भाची तो टाळत नाही. फ्रान्समध्ये मेहदी मुसाईद आणि सहकाऱ्यांनी रस्त्यावरची गर्दी न्याहाळून 2010 मध्ये मांडले की गर्दीतले सत्तर टक्क्यांपर्यंत लोक कोणाच्या ना कोणाच्या सोबत चालत असू शकतात, आणि सोबतीमुळे गर्दीचा वेग उतरतो. गटांची ही वागणूक मॉडेलमध्ये घालता येते. ती घातली की नाही, हे मात्र प्रत्येक कामात विचारावे लागते, हे तिला मान्य आहे.

याच ओघात तिने एक प्रयोग सांगितला, आणि तो मामांना फार आवडला. आयआयटी कानपूर आणि जर्मनीतील युलिश येथील संशोधकांनी एक वळसेदार मार्ग आखला आणि माणसांना एकामागोमाग एक त्यावर चालायला लावले. एकदा भारतीय, एकदा जर्मन. 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारतीयांना पुढच्या माणसापासून कमी अंतर पुरत होते आणि गर्दी वाढली तरी त्यांचा वेग जर्मनांइतका पडत नव्हता. जर्मन शिस्तीत होते. भारतीय तितके नव्हते, तरी त्यांचा प्रवाह अधिक चांगला चालला.

"म्हणजे जर्मनीतले आकडे घालून दादरचा पूल काढला तर चुकणार!" मामा म्हणतात.

"चुकणार. म्हणूनच इथली माणसे इथे मोजायला हवीत. पण मामा, याचा उलटा अर्थही घ्या. आपण दाटीत सराईतपणे चालतो, त्यामुळे धोक्याची पातळी गाठेपर्यंत आपल्याला काही वाटतच नाही. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे झाली की पाय आपले राहत नाहीत. गर्दीतून लाटा जायला लागतात आणि माणूस ढकलला जाईल तिकडे जातो. 2006 मध्ये मक्केजवळ मीना येथे जमारात पुलापाशी शेकडो यात्रेकरू मेले. हेलबिंग यांच्या गटाने त्या वेळचे व्हिडिओ तपासून या लाटा दाखवून दिल्या. सराव कितीही असो, शरीर तेवढेच असते."

यावर मामा काही बोलले नाहीत. लोकलच्या डब्यात एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभे प्रवासी, हा आकडा रेल्वेच्याच कागदपत्रांत येतो आणि तो त्यांना पाठ आहे.

अनुभवी डोळ्याला जे पटत नाही ते कधी कधी यंत्राला दिसते, याचे भाचीकडे एक भक्कम उदाहरण आहे. 18 नोव्हेंबर 1987 रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागली. सुरुवातीला ती किरकोळ वाटली. मग अचानक ज्वाळांचा लोट तिकीट हॉलमध्ये घुसला आणि 31 माणसे मेली. एवढी लहान आग क्षणात एवढी कशी झाली, ते कोणाला सांगता येईना. हार्वेल येथील संशोधन केंद्राने संगणकावर ती आग उभी केली, तेव्हा पडद्यावर ज्वाळा वर उठण्याऐवजी जिन्याच्या पन्हळीत आडव्या झोपून चढताना दिसल्या. आग वर जाते हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे मॉडेलच चुकले असावे अशी शंका आली. मग जिन्याची लहान प्रतिकृती करून ती खरोखर पेटवण्यात आली. ज्वाळा तशाच आडव्या झाल्या.

"बघ," मामा लगेच म्हणतात, "प्रतिकृती पेटवली तेव्हाच खात्री झाली. नुसत्या पडद्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, आणि ते बरोबरच केले."

"पण पेटवायची कुठे आणि पाहायचे काय, हे पडद्याने सांगितले."

या टप्प्यावर प्रस्तुत लेखकाचा कल भाचीकडे झुकतो. किंग्ज क्रॉसमध्ये अनुभव कमी नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या ते जिने चालवणारी माणसे तिथे होती. तरीही ती पन्हळ कोणाच्या मनात आली नाही, कारण तशी आग आधी कोणी पाहिली नव्हती. जे एकदाही घडलेले नाही त्याचा अनुभव कोणाकडे असणार?

मात्र पुढचे उदाहरण मामांच्या पारड्यात पडते, आणि तेही लंडनचेच. हॉलबर्न स्थानकाचे सरकते जिने फार उंच आहेत. तिथली रीत अशी की उजवीकडे उभे राहायचे आणि डावी बाजू चालणाऱ्यांना मोकळी सोडायची. एवढी उंची चढायला फारसे कोणी राजी नसते, त्यामुळे डावी बाजू बरीचशी रिकामी धावते आणि खाली रांग वाढते. हिशेब सांगत होता की दोन्ही बाजूंना लोक उभे राहिले तर जिना जास्त माणसे वाहील. 2015 च्या अखेरीस तीन आठवडे तसा प्रयोग केला. कर्मचारी उभे केले, घोषणा केल्या. गर्दीच्या तासात सुमारे तीस टक्के जास्त माणसे वर गेली. हिशेब खरा ठरला. पण प्रवासी चिडले. आमची चालायची बाजू का घेता, असे विचारू लागले. 2016 मध्ये पुन्हा काही महिने प्रयोग झाला. तरीही ती पद्धत कायम झाली नाही.

"हेच ते," मामा म्हणतात. "गणित बरोबर आणि माणसे नाराज. आमच्याकडे गाडीचा फलाट ऐनवेळी बदलला की काय होते, ते तुझ्या मॉडेलमध्ये घालून दाखव. अर्धे घोषणा ऐकतात, अर्धे नाहीत. ऐकलेल्यांपैकी निम्मे धावतात. त्यांना धावताना पाहून न ऐकलेलेही धावतात, का धावतोय ते न कळता. फलाट आयत्या वेळी बदलायचा नाही, हा आमचा नियम कोणत्या संगणकाने शिकवला नव्हता."

हा मुद्दा केवळ आठवणींचा नाही. 10 फेब्रुवारी 2013 रोजी, कुंभमेळ्याच्या मौनी अमावास्येला, अलाहाबाद स्थानकात 36 जण मेले. बारा वर्षांनी, 15 फेब्रुवारी 2025 च्या रात्री, प्रयागराजच्याच कुंभाला निघालेल्या गर्दीत नवी दिल्ली स्थानकाच्या जिन्यावर 18 जण गेले. मिळत्याजुळत्या नावांच्या गाड्यांमुळे प्रवाशांचा गोंधळ झाला, असे दिल्ली पोलिसांकडून सांगण्यात आले. एका प्रवाशाच्या डोक्यावरचे मोठे ओझे जिन्यात पडले, असे रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितले. गाडीचे नाव आणि डोक्यावरचे गाठोडे. परदेशात तयार झालेल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रवाशाच्या हातात चाकांची बॅग असते. डोक्यावर गाठोडे घेतलेल्या माणसाला जिन्यावर किती जागा लागते, तो खाली पाहू शकतो का, त्याचा तोल कधी जातो, हे कोणी मोजून त्यात घातल्याशिवाय येत नाही. आणि हे मोजायचे कोणाला विचारून? मामांसारख्या माणसाला विचारून.

भाचीला हे पटते. किंबहुना तिची सर्वांत मोठी तक्रार यंत्राविषयी नाहीच, कामाच्या हद्दीविषयी आहे. अभ्यास मागवणारा आपल्या कुंपणापुरता अभ्यास मागवतो. परळ मध्य रेल्वेचे, एल्फिन्स्टन रोड पश्चिम रेल्वेचे, बाहेरचा रस्ता महापालिकेचा, आणि गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले कचेऱ्यांचे मनोरे आणखी कोणाच्या परवानगीचे. त्या मनोऱ्यांत रोज येणारी माणसे मात्र याच पुलावरून चालत होती. मीनामध्येही तसेच झाले. 2006 नंतर जमारात पूल नव्याने, अनेक मजली आणि गर्दीचा बारकाईने अभ्यास करून बांधला. 2015 मध्ये मीनात पुन्हा चेंगराचेंगरी झाली, पण ती पुलावर झाली नाही. ती पुलाकडे जाणाऱ्या दोन रस्त्यांच्या तिठ्यावर झाली.

"मग अभ्यासाची हद्द कोण ठरवणार?" मामा विचारतात.

"माणसाचे पाय ठरवतील. घरापासून कचेरीपर्यंत तो ज्या ज्या अरुंद जागेतून जातो, ते सगळे एकाच नकाशात हवे. मुंबईत आता मेट्रो येऊन लोकलला मिळते आहे. घाटकोपरला 2014 पासून मेट्रोची आणि लोकलची गर्दी एकाच परिसरात उतरते. अशा ठिकाणी दोन यंत्रणांची दोन मॉडेल असून काय उपयोग?"

मामांनाही काही गोष्टी मनापासून पटल्या आहेत, हे नोंदवायला हवे. सप्टेंबर 2023 मध्ये दादरला मध्य रेल्वेने फलाट 2 बंद करून फलाट 1 रुंद करायला घेतला. एक फलाट कमी करून गर्दी हलकी होईल हे ऐकायला उलटे वाटते. पण ज्याने त्या चिंचोळ्या फलाटावर दोन लोकलची माणसे एकमेकांत घुसताना पाहिली आहेत, त्याला ते लगेच कळते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दादरच्या सगळ्या फलाटांना 1 ते 14 असे सलग क्रमांक मिळाले. तोवर एकच क्रमांक दोन्ही रेल्वेंकडे असल्याने नवखा प्रवासी चुकीच्या फलाटावर जायचा, पूल पुन्हा चढायचा आणि गर्दीत विनाकारण भर घालायचा. 2024 मध्ये ठाण्याचा फलाट 5-6 रुंद करण्यासाठी 63 तासांचा ब्लॉक घेतला. लोकांचे हाल झाले, पण मामांच्या मते हाल सोसण्याजोगे काम होते.

"अशी कामे करण्याआधी तुझे मॉडेल वापरावे, मी अडवणार नाही," ते भाचीला म्हणतात. "पण ते चालवून झाल्यावर तुझ्या रंगीत नकाशासमोर त्या स्थानकाचे दोन पोलीस, एक हमाल, एक तिकीट तपासनीस आणि रोज डोक्यावर पाटी घेऊन येणारी एक भाजीवाली बसव. त्यांना विचार, यात काय चुकले आहे."

"बसवीन. पण मग तुम्हीही एक कबूल करा. त्यांनी सांगितलेले मोजायला माणूस नेमला, यंत्र लावले, तर ते आपल्यावर पाळत म्हणून नाकारायचे नाही."

मोजण्याचे यंत्र महाग असावे लागते असेही नाही. नाशिकच्या 2015 च्या सिंहस्थाच्या वेळी, मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेत एमआयटीमध्ये काम करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' ही चळवळ उभी राहिली. तिच्यात नाशिकच्याच निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने पावलांचा दाब ओळखणारी चटई तयार केली. रस्त्यावर अंथरली की तिच्यावरून किती माणसे गेली ते ती मोजायची. गर्दीच्या दिवशी तिने काही तासांत लाखो पावले मोजली. पुढे किती माणसे आहेत हे मागच्या चौकातल्या पोलिसाला कळले तर तो वेळेत दोरी बांधू शकतो. पडद्यावरच्या ठिपक्यांना खऱ्या आकड्यांचा आधार मिळतो तो असल्या चटईतून, कॅमेऱ्यातून, तिकिटांच्या नोंदींतून.

नवी दिल्लीच्या दुर्घटनेनंतर रेल्वेने देशातल्या सत्तरहून अधिक गर्दीच्या स्थानकांवर फलाटाबाहेर प्रवाशांना थांबवून ठेवण्याच्या कायम जागा करण्याचे ठरवले. हा निर्णय योग्य आहे. गाडी लागेपर्यंत माणसे फलाटावर आणि जिन्यावर न जाता मोकळ्या जागेत बसली तर जिन्यावरचा भार निम्म्याने उतरू शकतो. पण या जागेची क्षमता किती, तिथून फलाटापर्यंतची वाट किती रुंद, एकावेळी किती जणांना सोडायचे आणि सोडण्याचा हुकूम कोण देणार, हे प्रत्येक स्थानकाचे वेगळे गणित आहे. ते आधी पडद्यावर आणि मग प्रत्यक्ष सरावात तपासले पाहिजे.

2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत. 2003 च्या सिंहस्थात नाशिकच्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले, हे या शहराला माहीत आहे. लाखो माणसे नाशिक रोड स्थानकात उतरतील, एसटीच्या तात्पुरत्या तळांवर उतरतील आणि स्नान आटोपून एकाच दुपारी परत फिरतील. परतीचा प्रवाह नेहमीच अधिक घाईचा असतो; अलाहाबादेत 2013 मध्ये माणसे गेली ती परतीच्या वाटेवर.

म्हणून रेल्वे, एसटी महामंडळ, नाशिक महापालिका आणि पोलीस यांना मागणी एकच आहे. स्थानकापासून घाटापर्यंतचा आणि परतीचा सगळा मार्ग एकाच नकाशात घ्या. प्रवासी प्रवाहाचे सिम्युलेशन करून घ्या. कोणत्या जिन्यावरून, कोणत्या फाटकातून तासाला किती माणसे सुरक्षित जातात, हे आकडे मराठी आणि हिंदीत लोकांसमोर ठेवा, आणि पहिल्या मुख्य स्नानाच्या किमान सहा महिने आधी ठेवा, म्हणजे चूक दाखवणाऱ्याला वेळ मिळेल आणि ती सुधारायलाही.